सहाव्या वर्षीची लोकर

मे महिन्यात इथे ऑस्ट्रेलियात, बॅलरॅटकडे सकाळी सातला स्वेटरच्या बाहीतून बोटं बाहेर काढवत नाहीत. अशाच एका शनिवारी शेजारच्या कुरणाच्या मालकीणबाईंच्या गाडीत मी मागे बसले होते आणि मांडीवर, बाजूला, पायाशी लांबलचक प्लास्टिकच्या वळकट्या होत्या. एकेका वळकटीत एकेका अल्पाकाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या उंटाच्या कुळातल्या लोकरीच्या जनावराची, वर्षभराची लोकर. अल्पाका सगळे मागे कुरणातच राहिले होते, प्रदर्शनाला निघाली होती ती नुसती लोकर.

अल्पाकांना दोरीला धरून रिंगणात फिरवतात ती स्पर्धा वेगळी. तिथे गर्दी असते, मुलं फोटो काढतात. लोकरीच्या स्पर्धेचा हॉल त्या मानाने शांत. लांब टेबलं, वर पांढरे दिवे, प्रत्येक लोकरीसोबत एक कागद आणि त्यावर वाण, रंग, वय. आमच्या इथे मालकाचं नाव परीक्षकांना कळू देत नाहीत.

एकूण गुण 100. बारीकपणा आणि हाताला लागणारा मऊपणा, लोकर सगळीकडे सारखी आहे की नाही, बटेतली लहर, चमक, लांबी, मधले राठ केस, कचरा, वजन, असे ते वाटलेले असतात. वजनाचा हिशोब मला फार आवडला. एक लोकर अकरा महिन्यांची आणि दुसरी तेरा महिन्यांची असेल, तर दोन्ही 365 दिवसांवर आणून मगच तोलतात. वाणं दोन. वाकाया अंगभर फुगलेला, त्याच्या बटेला बारीक नागमोडी. सुरीची लोकर पिळदार बटांनी खाली लोंबते आणि रेशमासारखी चमकते, म्हणून त्यांचे गट वेगळे.

माझं माहेर आटपाडीकडचं. पावसाळ्यात वाड्यावरून येणाऱ्या घोंगडीचा वास अजून नाकात आहे. आमच्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, घोंगडीला उत्तम. पण आता कातरणीची मजुरीही तिच्यातून सुटत नाही, असं मेंढपाळ सांगतात. मेंढरांतला जाणता माणूस मुठीत लोकर धरून बरंच काही सांगतो, हे मी लहानपणापासून पाहिलंय. तरी इथे पहिल्यांदा परीक्षकबाईंनी डोळे मिटून लोकरीत दोन्ही हात घातलेले पाहिले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

लोकर प्रदर्शनाला तयार करायचं काम मी दोन वर्षं शिकतेय. ऑक्टोबरात कातरणी होते. अल्पाकाला चटईवर आडवं करतात, पुढचे-मागचे पाय दोरीने ताणून धरतात, म्हणजे धडपडून त्याला जखम होत नाही. पाठीची आणि कुशीची लोकर एकसंध काढून प्लास्टिकवर घेतात, गुंडाळतात. मान आणि पाय यांची वेगळी. मग जाळीच्या टेबलावर ती पसरायची आणि सुपात तांदूळ निवडावेत तशी कडेकडेने निवडायची: गवताचं कुसळ, मातकट टोकं, राठ केस. अल्पाका धुळीत लोळायला कायम तयार, त्यामुळे झटकलं की अर्धं कुरण खाली पडतं. मेंढीच्या लोकरीसारखा तेलकटपणा मात्र जवळपास नाही. तास-दोन तास निवडूनही हात कोरडेच.

त्या दिवशी आमच्या तपकिरी मादीच्या लोकरीत परीक्षकबाईंना मानेकडची एक मूठ सापडली. निवडताना ती माझ्याच नजरेतून सुटली होती. सारखेपणाचे गुण तिथे गेले आणि मादी गटात दुसरी आली. मालकीणबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तपासणीचा कागद पुढे केला आणि वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं: सहा वर्षं.

तिथे मला खरी गोष्ट कळली. पहिल्या कातरणीची लोकर बहुतेक सगळ्यांची मऊच असते. वय वाढतं, चारा भरपूर मिळतो, तसा केस जाड होत जातो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिल्लू असताना 18 मायक्रॉनवर असलेली मादी पाच-सहा वर्षांत 26-27 वर गेली, तर तिची पहिल्या वर्षीची रिबन काय कामाची? केस 30 च्या वर गेला की अंगाला टोचायला लागतो. आमची तपकिरी सहाव्या वर्षीही 21 च्या आत होती. दुकानातल्या स्वेटरवर ‘बेबी अल्पाका’ लिहिलेलं असतं, त्याचाही पिल्लांशी संबंध नाही. तो साधारण 22 मायक्रॉनचा दर्जा आहे. म्हणजे आमची ही सहा वर्षांची बाई त्यात आरामात बसते.

ही बारीक लोकर आजची नव्हे. दक्षिण पेरूत एल याराल इथे घरांच्या जमिनीखाली पुरलेले, सुमारे हजार वर्षांपूर्वीचे सुकलेले अल्पाका आणि त्यांचे ओझी वाहणारे भाईबंद लामा सापडले. जेन व्हीलर या संशोधिकेने त्यांची लोकर मोजली. त्यातल्या बारीक लोकरीच्या अल्पाकांची सरासरी 18 मायक्रॉनच्या आसपास निघाली, आणि अंगभर विलक्षण सारखी. 1532 नंतर स्पॅनिश आले, कळप मेले, उरलेल्यांचे लामांशी संकर झाले आणि इन्कांच्या आधीपासून जपलेली ती निवड विस्कटली. 2001 मध्ये डीएनएवरूनही दिसलं की अल्पाका मूळचा विकुन्या या बारीक लोकरीच्या रानटी प्राण्याचा वंशज.

म्हणून मी कुणी ‘नवं संशोधन’ म्हटलं की जरा थांबते. तिकडच्या मेंढपाळांनी हे एकदा करून दाखवलं होतं, आता ते परत मिळवायचं आहे. जगातले बहुतेक अल्पाका आजही पेरूतच आहेत, पुनोसारख्या भागात 4000 मीटरवर, आणि बहुतेक छोट्या कुटुंबांच्या हातात. गिरण्यांना रंगवायला पांढरी लोकर हवी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पांढरेच निवडले गेले. काळे, करडे, तपकिरी कमी होत गेले. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नवं आहे ते मोजण्यात आणि नोंदींत. केवळ जनावराकडे न बघता त्याच्या आई-बापांचे, भावंडांचे, पिल्लांचे आकडे एकत्र करून ब्रीडिंग व्हॅल्यू काढतात, म्हणजे त्याचे गुण पिल्लांत किती उतरतील याचा अंदाज. त्यात चाऱ्याचा आणि वयाचा परिणाम बाजूला काढता येतो. केसाच्या मुळांकडेही लक्ष गेलंय: राठ केस प्राथमिक मुळांतून येतात, मऊ दुय्यम मुळांतून, तेव्हा दोन्हींतला फरक कमी असलेली जनावरं निवडायची. गाय-म्हशींसारखं कृत्रिम रेतन इथे सोपं नाही, नराचं वीर्य चिकट असतं आणि गोठवून टिकवणं अवघड. भ्रूण प्रत्यारोपण, म्हणजे चांगल्या मादीचे भ्रूण दुसऱ्या माद्यांच्या पोटात वाढवणं, मात्र जमतं. गाभण काळ साडेअकरा महिन्यांचा, पिल्लू एकच, त्यामुळे एका चांगल्या मादीची वर्षात अनेक पिल्लं मिळणं ही मोठी गोष्ट.

मालकीणबाईंकडे भ्रूण प्रत्यारोपणाचे पैसे नाहीत. त्यांच्याकडे वह्या आहेत, प्रत्येक जनावराच्या प्रत्येक कातरणीच्या नोंदीच्या. परत येताना त्यांनी तपकिरीच्या पानावर दुसरा क्रमांक लिहिला, खाली तिच्या लेकीचं पान उघडलं. लेक करडी आहे, दोन कातरण्या झाल्या, आकडा अजून जागचा हललेला नाही. ऑक्टोबरात तिची तिसरी. कुशीतला नमुना कापून प्रयोगशाळेला मी पाठवायचा असं ठरलंय, आणि मान या वेळी मीच वेगळी काढणार आहे.