चिपटं

शनिवारी सकाळी नानांचा फोन येतो. "येताना चिपटं भरून आन." ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा दाणे मागतोय. नानांना हवं असतं कीर्तन. मेमरी कार्डाला सगळा गाव चिप म्हणायला लागला तेव्हा नानांनी तो शब्द आपल्या बाजूला ओढून घेतला. चिप कसली, चिपटंच ते. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली, हा हिशोब त्यांच्या तोंडात लहानपणापासूनचा. आईच्या माहेरून आलेलं पितळेचं चिपटं निफाडच्या घरी अजून फडताळात आहे. दाणे मोजायला ते आता कोणी काढत नाही.

मी सातपूरला एका कारखान्यात मापंच तपासतो. दिवसभर हातात व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून बारीक माप घ्यायचं हत्यार. जेवणाच्या सुट्टीत एकदा खिशातलं कार्ड त्याच्या जबड्यात धरून पाहिलं. १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद, जाडी १. खिशात सुटं टाकलं तर सुपारीच्या चुऱ्यात हरवतं. (हरवलेलं आहे. बायकोने पँट धुतली, वाळवली, इस्त्री केली, आणि कार्ड तरीही चाललं. त्या दिवसापासून नानांचा त्या जातीवर विश्वास बसला.)

नाना चुकून बरोबर बोलून गेलेत हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. दुकानात कार्डं कशी मिळतात बघा. २ जीबी, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. दर वेळी दुप्पट. वीस जीबीचं द्या म्हणालात तर दुकानदार दीड मापटं मागितल्यासारखं तोंडाकडे बघेल. आपल्या आज्यापणज्यांनी धान्याला लावलेली दुपटीची शिडी जपानी-अमेरिकी कारखान्यांनी उचलली, असं मी कुठे म्हणणार नाही. पण नानांना सांगितलं तेव्हा ते नुसते "मंग?" म्हणाले. दुपटीशिवाय माप कसं असू शकतं, हेच त्यांना कळेना.

चिप भरण्याचा धंदा नाशकात एम. जी. रोडला ऐन बहरात होता तेव्हा मी कॉलेजात होतो. काचेच्या काउंटरवर चिकटपट्टीने लावलेला कागद, "येथे चिप भरून मिळेल". आत एक काळवंडलेला कॉम्प्युटर, त्याच्या वायरीला लोंबणारा कार्ड रीडर आणि सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. मान वर न करता विचारायचा, "काय भरू? जुनी, नवी, डीजे का भक्ती?" आपण म्हणायचं, थोडं थोडं सगळं. मग तो हॉटेलातल्या वाढप्याच्या सफाईने चार फोल्डर उचलून कार्डावर टाकायचा, पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागायची आणि आपण काउंटरला टेकून ती भरताना बघत उभे. दोन जीबीचे तीस रुपये. त्यात गायकाला, संगीतकाराला काय मिळालं हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. गावी जाताना सीबीएसवर एस. टी. लागेपर्यंत तेवढं काम उरकायचं.

आणि त्याच सुमारास, २००८ साली, तिकडे अमेरिकेत सँडिस्क कंपनीने चार बड्या संगीत कंपन्यांना हाताशी धरून गाणी भरलेली मायक्रोएसडी कार्डं दुकानात विकायला आणली होती. स्लॉटम्युझिक असं नाव ठेवलं होतं. एका कार्डावर एक अल्बम. फार दिवस टिकलं नाही ते. टिकणार कसं? गिऱ्हाईकाला माप आपलं लागतं आणि आत काय भरायचं तेही आपल्या मनाचं. एम. जी. रोडच्या त्या पोराला विचारलं असतं तर त्याने तीस रुपयांत सल्ला दिला असता.

कंपनीचं नाव नाना 'सनडिस' असं घेतात. मी दोन-तीनदा सुधारायला गेलो. मग कळलं की १९८८ साली तिघांनी मिळून ती काढली तेव्हा तिचं नाव खरंच सनडिस्क होतं. १९९५ साली ते बदलून सँडिस्क झालं. म्हणजे नाना इथेही बरोबर, फक्त मागच्या हंगामाचे. त्या तिघांतले एक संजय मेहरोत्रा, मूळचे कानपूरचे. पुढे ते मायक्रॉन या दुसऱ्या मोठ्या मेमरी कंपनीचे प्रमुख झाले. १९९१ मध्ये सनडिस्कने हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपांची डिस्क बनवली. तिच्यात २० एमबी मावायचे आणि किंमत हजार डॉलरच्या घरात. २० एमबी म्हणजे नानांचं एक कीर्तनही पुरतं मावायचं नाही. महाराज निरूपणाला लागायच्या आत माप भरलं असतं.

भरणं हा शब्द मला फार आवडतो. इंग्रजीत कार्डावर 'लिहितात'. आपण भरतो. आणि गंमत म्हणजे आत चालतं ते भरणंच. कार्डाच्या पोटात कोट्यवधी इवल्या खोल्या असतात. चारी बाजूंनी लिंपून टाकलेल्या, दार नसलेल्या. विजेचा जोर लावून त्या लिंपणातून इलेक्ट्रॉन आत ढकलायचे. आत गेले की तिथेच अडकून राहतात, वीज बंद केली तरी. सुरुवातीला प्रश्न सोपा होता: खोली भरलेली की रिकामी? मग लोभ सुटला. रिकामी, पाव भरली, अर्धी भरली, पाऊण भरली असे चार टप्पे ओळखायला लागले, मग आठ, आणि आता एकाच खोलीत १६ पातळ्या मोजणाऱ्या चिपा सर्रास निघतात. माझ्या कारखान्यात कोणी एवढी बारीक पातळी मागितली तर मी रजा टाकीन.

भरताना थोड्या थोड्या खोल्या भरता येतात. रिकामं करताना मात्र एकेक खोली रिकामी होत नाही, अख्खी आळीच एका झटक्यात मोकळी करावी लागते. फ्लॅश हे नाव त्यावरूनच पडलं. तोशिबात फुजिओ मासुओका यांनी हा शोध लावला आणि त्यांच्या एका सहकाऱ्याला ते पुसणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं. म्हणजे ज्या वस्तूला आपण मेमरी म्हणतो तिचं नाव पडलंय विसरण्याच्या वेगावरून. बरं, दर पुसण्याला लिंपण थोडं झिजतं. म्हणून सीसीटीव्हीला, गाडीच्या कॅमेऱ्याला, जिथे रात्रंदिवस भरणं-पुसणं चालतं, तिथे वेगळी कार्डं निघाली. एम. जी. रोडवर आता सँडिस्कच्या कार्डांची रंगावरून ओळख चालते. राखाडी-लाल साधं, सोनेरी-लाल फोटोवाल्यांचं, पांढरं सीसीटीव्हीचं. दुकानदार नाव घेतच नाही. "पांढरं देऊ?" विचारतो.

मापात पाप हे नानांचं लाडकं वाक्य. बत्तीसचं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि त्यावर २९.८ दिसलं तेव्हा पहिल्यांदा ते उच्चारलं गेलं. मी समजावलं, की कंपनी हजाराचा हजार धरते आणि कॉम्प्युटर १०२४ चा. नाना क्षणभर थांबले. "म्हंजी कंपनी सपाट मोजती आन् कॉम्पुटर शीग लावून." याच्यापेक्षा सोपं करून मला तरी सांगता आलं नसतं.

खरं पाप नंतर झालं, आणि ते माझ्या हातून. रस्त्यावरच्या एका गाडीवर १२८ जीबीचं कार्ड अडीचशेला मिळत होतं. पाकीट हुबेहूब, कंपनीचं नाव ठसठशीत. दिवसभर मिलिमीटरचे अंश मोजणारा माणूस, पण स्वस्त दिसलं की व्हर्नियर खिशात राहतो. घरी येऊन नानांची शंभरावर कीर्तनं भरली. पट्टी शेवटपर्यंत हिरवी सरकली, कुठे तक्रार नाही. गावी लावल्यावर सुरुवातीची नीट वाजली. पुढे नुसती नावं दिसत होती, आवाज नाही. असल्या कार्डात खरी जागा सात-आठ जीबी असते. आतल्या नियंत्रकाला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, तो विचारणाऱ्याला १२८ सांगतो. जागा संपली की पुढचा माल तो कुठेच ठेवत नाही किंवा आधीच्यावर ओततो, आणि वर 'भरलं' म्हणून मान डोलावतो. नाना म्हणाले, "पायलीच्या बुडाला लाकूड ठोकलंय." पूर्वी आडत्यांकडे असली मापं असायची म्हणे. तेव्हापासून नवीन कार्ड आणलं की मी आधी ते निरर्थक फायलींनी काठोकाठ भरतो, परत वाचून ताडून बघतो, आणि मगच कीर्तन. त्यात अख्खी रात्र जाते. पुण्याला असलेला भाऊ म्हणतो, यूट्यूब लावून दे ना त्यांना. बागेत रेंज येत नाही हे तो विसरलाय. खांबाच्या अँगलला टांगलेलं ते स्पीकरचं डबडं, त्यातलं चिपटं आणि विरळणीला आलेल्या बाया, एवढंच तिथलं जग.

भावाची गोष्ट निघालीच तर, या धंद्यात नानांना सगळ्यात जवळचा वाटतो तो बाजारभाव. २०२२-२३ मध्ये मोबाइल-लॅपटॉपची मागणी बसली, माल तुंबला, भाव कोसळले आणि कंपन्यांनी उत्पादनच कमी केलं. आता एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांना साठवण लागायला लागली आणि भाव पुन्हा चढले. "लासलगावच की हे," नाना म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पर लावल्यावर कमी कसं करत्यात?" त्यांच्या वावरात तेव्हा कांदा होता.

जपानमध्ये योक्काइची नावाच्या गावी सँडिस्कवाल्यांचा जपानी भागीदाराबरोबरचा कारखाना आहे. २०१९ च्या जूनमध्ये तिथली लाईट गेली. १३ मिनिटं. त्या तेरा मिनिटांनी सुमारे ६ एक्साबाइटचा (एक एक्साबाइट म्हणजे शंभर कोटी जीबी) माल बुडाला, असं तेव्हाची मालक कंपनी वेस्टर्न डिजिटलने जाहीर केलं. मी कागदावर मांडून पाहिलं, बत्तीसची कार्डं धरली तर साडेअठरा कोटींच्या वर. हे मी मोठ्या गांभीर्याने नानांना वाचून दाखवलं. नाना मोटारीकडे बघत बसले होते. आठवडाभर थ्री फेज रात्री साडेबाराला येत होती. "तेरा मिंटं," ते म्हणाले, आणि पुढे काही बोललेच नाहीत.

गेल्या महिन्यात भावाने त्यांना नवा फोन दिला. नानांनी तो उलटासुलटा केला, कडांवरून अंगठा फिरवला. पिन टोचायची भोकं होती, चार्जरचं तोंड होतं. "चिपटं कुठं घालायचं?" जागाच नव्हती. हल्ली बऱ्याच फोनांत नसते. साठवण आतच पक्की बसवून येते आणि जास्त हवी तर जास्त पैशांचा फोन घ्यायचा. माप आणि कोठार एकच झालंय. नानांनी फोन टेबलावर ठेवला आणि फडताळातून पितळेचं चिपटं काढलं. इतकी वर्षं सगळी कार्डं ते त्यातच टाकत आलेत, हे मला माहीत नव्हतं. पेपरवर उपडं केलं. अकरा निघाली. त्यातलं दोन जीबीचं एक तर एम. जी. रोडच्या काळातलं, त्याच्यावर मार्करने माझ्याच अक्षरात 'भक्ती'. मी ते स्पीकरला लावून पाहिलं. पहिलंच गाणं डीजेचं लागलं.

नानांनी हसून बाकीची दहा पुन्हा चिपट्यात ओतली आणि आत वाकून पाहिलं. बूडही झाकलं नव्हतं.

"एवढ्यात तर कोंबडीचं पन भागायचं नाय," म्हणाले, आणि स्पीकर घेऊन बागेकडे गेले.