बाथरूमचे बंद दार आणि दोन बाटल्या

घरातली सर्वांत तीव्र रसायने आपण घरातल्या सर्वांत लहान आणि कोंदट खोलीत वापरतो, आणि तीही बहुतेक वेळा दार लोटून घेऊन, म्हणजे वास बाहेर पसरू नये. तो वास मग घासणाऱ्याच्याच छातीत जातो.

संडासाचे भांडे साफ करण्यासाठी मिळणाऱ्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. बोअरच्या पाण्याने बसलेले पिवळट थर त्यानेच सुटतात. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. ते जंतू आणि बुरशी मारते. आपापल्या जागी दोन्ही उपयोगाची आहेत. मात्र एकाने डाग निघत नाही म्हणून त्यावर दुसरे ओतले, की क्लोरीन वायू सुटतो. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला होता तो हाच वायू, अर्थात बाथरूममध्ये त्याचे प्रमाण कितीतरी कमी असते. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो, म्हणजे उकिडवे बसून भांडे घासणाऱ्या बाईच्या नेमका नाकाशी. श्वासनलिकेच्या ओलाव्यात विरघळून त्याची आम्ले तयार होतात आणि आतले अस्तर भाजू लागते. डोळ्यांतून पाणी येते, ठसका लागतो, घसा खवखवतो. पुष्कळदा एवढ्यावर निभावते. परंतु मात्रा जास्त असेल तर धाप लागणे, छाती आवळल्यासारखी होणे हे काही तासांनंतरही सुरू होऊ शकते, आणि पूर्वी कधीही दमा नसलेल्या माणसाला अशा एकाच प्रसंगानंतर दम्यासारखा त्रास जडल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रावणाशी ब्लीचचा संबंध आला तर क्लोरामाइन तयार होतात. तीही तितकीच झोंबणारी.

अपघाताची गोष्ट वेगळी, रोजच्या वापराची वेगळी. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा हजारांहून अधिक लोकांची सुमारे वीस वर्षांची माहिती तपासली होती. घरी स्वच्छता करणाऱ्या आणि सफाईची नोकरी करणाऱ्या स्त्रियांमध्ये, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणाऱ्या हवेचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने घटलेले आढळले. पुरुषांमध्ये असा फरक दिसला नाही. अशा पाहणीवरून रसायनांनीच हे घडवले असे सिद्ध होत नाही, हे खरे. तरी ती बाजूला सारण्याजोगी मला वाटत नाही. फवाऱ्याच्या बाटल्यांबाबत तर मी अधिकच सावध आहे, कारण त्यांचे बारीक थेंब हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर आत जातात. तेच द्रावण फडक्यावर घेऊन पुसले तर काच तितकीच स्वच्छ होते.

आपल्याकडे फिनेलचा वास दरवळल्याशिवाय घर पुसल्यासारखे वाटत नाही. (लिंबाच्या वासाचा स्वच्छतेशी काय संबंध, हे जाहिरातवाल्यांनाच ठाऊक.) या हौसेची किंमत मोजतात त्या चार-पाच घरची फरशी आणि संडास करणाऱ्या मावशी. आपण एका घरातला वास घेतो, त्या सगळ्या घरांतला. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना खोकल्याबद्दल विचारले, तर "सवय झालीय ताई" एवढेच उत्तर मिळते.

आता आमच्या बाथरूममध्ये एका वेळी एकच बाटली ठेवलेली असते, दुसरी स्वयंपाकघराच्या माळ्यावर. काम सुरू होण्याआधी एक्झॉस्ट फॅन लावायचा, दार उघडे ठेवायचे, आणि ब्लीच गरम पाण्यात कालवायचे नाही, हे मावशींशी बोलून ठरवले आहे. वास झोंबू लागला तर पाणी ओतत बसण्यापेक्षा आधी बाहेर मोकळ्या हवेत यायचे. भांडे अर्धवट राहिले तरी चालेल.