येऊरच्या जंगलातली एक सकाळ, आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

पहाटे साडेपाचलाच चढायला लागायचं, असं माझं ठरलं होतं. पाटोणपाड्याच्या आमच्या वाटाड्या दादांनी फोनवरच अडवलं. "ताई, चांगलं उजाडू द्या. अंधारात ती वाट बिबट्याची." म्हणून सात वाजता उपवन तलावापाशी रिक्षा सोडली. मी आणि अकरावीतली लेक. ठाण्यात पंचवीस वर्षं काढली, तरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटलं की मला बोरिवलीच आठवायची. खरं तर शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं असलेलं हे जंगल निम्म्याहून अधिक ठाणे जिल्ह्यात आहे, आणि येऊर हा त्याचाच ठाण्याकडचा भाग.

परवानगीसाठी मी आठवडाभर आधीच वनखात्याच्या कार्यालयात जाऊन आले होते. नाक्यावर नोंद झाली, पिशव्या तपासल्या गेल्या. लेकीच्या पिशवीतला वेफर्सचा पुडा तिथेच ठेवावा लागला. ती हिरमुसली, पण मला ते फार बरं वाटलं.

आत शिरल्यावर थोड्याच वेळात वाटेच्या कडेला गवत कापून जाळलेला काळा पट्टा लागला. वणवा लागला की काय, असं वाटून मी थबकले. दादा म्हणाले, "ही जाळरेषा. आम्हीच जाळतो." उन्हाळ्याच्या तोंडावर वनमजूर असे पट्टे आखून, लक्ष ठेवून जाळतात. पुढे कुठे आग लागलीच तर ती इथपर्यंत येते आणि जळायला काही उरलेलं नसल्यानं थांबते. ऐकायला सोपं वाटतं, पण अख्ख्या डोंगराच्या वाटा कोयत्यानं साफ करायच्या, म्हणजे किती हात लागत असतील! सध्या तर काळजी जास्तच. आठ वर्षांनी एकदाच फुलणारं कारवीचं झुडूप. ती २०१६ नंतर २०२४ मध्ये फुलली आणि बी टाकून मेली. तिच्या वाळक्या काठ्या उतारांवर अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या पायाशी नवी रोपं वर येताहेत. एक जळकं थोटूक पडलं तर जुनी काठी आणि नवं रोप दोन्ही जातील. पुढचा फुलोरा २०३२ चा. तेव्हा लेक पंचविशीच्या जवळ आलेली असेल.

ओढ्यापाशी दादा खाली वाकले. वाटेच्या मधोमध विष्ठा, वाळलेली, केसांनी भरलेली. बिबट्याची. "हरणाचे केस?" लेकीनं विचारलं. "कुत्र्याचे असतील, पोरी. खाली कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे हा." इथल्या बिबट्यांच्या खाण्यात चितळ-सांबर आहेतच, पण जंगलाच्या कडेला भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. म्हणजे आमच्या सोसायटीबाहेर उघड्यावर पडणारा ढीग या ओढ्यापर्यंत पोचलेला आहे. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि काडीनं ते केस बाजूला करून बघणं वेगळं.

२००४ च्या सुमारास या उद्यानाच्या कडेला बिबट्यांचे हल्ले खूप वाढले होते. त्या काळात दुसरीकडे पकडलेले बिबटे इथे आणून सोडलेही जात. जुन्नरकडच्या अभ्यासात पुढे दिसलं की, अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या तंटा वाढवतो. मग भर आला तो पकडण्यापेक्षा माणसांना समजावण्यावर, कचरा आवरण्यावर. दादांच्या पाड्याला हे कुणी शिकवायला लागलं नाही. वाटेतल्या वाघोबाच्या दगडाला त्यांनी हात जोडले, आम्हीही जोडले.

परतताना अकराच्या सुमारास एका बंगल्यातून स्पीकर सुरू झाला. तोवर तांबट पक्ष्याची टुकटुक ऐकू येत होती, मग काहीच येईना. पाड्यावरची पोरं याच आवाजात दहावीचा अभ्यास करतात, हे दादांनी सांगितलं तेव्हा मला लाज वाटली. आम्हा शहरातल्यांचीच ती पार्टी होती.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात धबधब्यांकडे मुळीच वळू नका. तिथे बंदी असते आणि ती लोक बुडाल्यामुळेच आलेली आहे. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची बस येऊरला जाते, पण फेऱ्या मोजक्या, तेव्हा परतीची वेळ चढतानाच विचारून ठेवा. ओळखपत्र जवळ हवं. कपडे मळकट रंगाचे आणि अंगभर, कारण गोचिडं आहेत. पाणी घरच्या बाटलीत न्या. माकडांना काही देऊ नका. लहान मूल बरोबर असेल तर ते तुमच्या पुढे चालू दे, मागे नको. बिबट्या दिसलाच तर पळू नका, मोबाइल काढत पुढे जाऊ नका. उभ्यानंच, त्याला वाट मोकळी ठेवून मागे सरका. जखमी प्राणी किंवा वणवा दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. आणि वाटाड्या पाड्यावरचाच घ्या, ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री इथे पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राणी मोजतात. त्यासाठी नावं कधी घेतात, हे लेकीनं नाक्यावर विचारून वहीत लिहून आणलंय.