ग्रुपवर कोणी काहीही टाकलं, तर ॲडमिनवर केस होते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोसायटीचा, मंडळाचा, शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप फुकटात सांभाळणारे हा प्रश्न हमखास विचारतात. मारबतीची मिरवणूक जवळ आली किंवा निवडणूक लागली की जास्तच. उत्तर असं, की नुसते ॲडमिन आहात म्हणून गुन्हा शाबीत होत नाही. दाखल मात्र होऊ शकतो, आणि मग निस्तरत बसावं लागतं.

यावरचा सगळ्यात कामाचा निकाल आपल्याच नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाचा. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, हात वर केले. २०१६ मध्ये ॲडमिनही आरोपी झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. ॲडमिनला माणूस घेता-काढता येतो, पण मजकूर पडण्याआधी अडवता येत नाही. म्हणून समान इरादा किंवा आधी ठरलेला बेत दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये हेच धरलं. सुटका झाली खरी, पण मधे पाच वर्षं गेली.

हा निकाल लोक अर्धाच फॉरवर्ड करतात. तो आला तेव्हा दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय ॲडमिनकडे नव्हती. ती २०२२ मध्ये आली. तेव्हा ‘माझ्या हातात काहीच नव्हतं’ हा बचाव आता पूर्वीइतका पक्का राहिला नाही. फेसबुक ग्रुपवर पोस्ट मंजूर करायची सेटिंग चालू असेल तर बचाव आणखीच लंगडा, कारण मंजुरी तुमच्याच बोटाने गेलेली असते.

प्रकरण बिघडतं ते बहुधा पुढच्या दोन-चार तासांत. भडकाऊ मेसेजवर ॲडमिनचा अंगठा उमटतो, किंवा ‘बघा काय चाललंय’ म्हणत तोच मेसेज तो दुसऱ्या ग्रुपवर ढकलतो. तिथून तो नुसता ॲडमिन राहत नाही; फॉरवर्ड केलं तर पाठवणाराच होतो. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ (गटागटांत वैर पसरवणं) आणि ३५३ (खोट्या किंवा भडकाऊ मजकुराने लोकांना चिथावणं) मग थेट त्यालाच लागू शकतात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी स्क्रीनशॉट, त्यात नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. मग मेसेज सगळ्यांसाठी डिलीट, मग ग्रुपवर एक ओळ: ‘हा मजकूर नियमाबाहेर, काढला.’ गरज असेल तर माणूसही काढा. वातावरण तापलेलं असेल तर फक्त ॲडमिनच मेसेज पाठवतील अशी सेटिंग दोन दिवस लावून टाका; लोक कुरकुरतील, कुरकुरू द्या. तक्रार पोलिसांकडे गेली असेल तर मात्र डिलीट करू नका, तो पुरावा नष्ट केल्यासारखा दिसतो. दोन-तीन ॲडमिन ठेवा, म्हणजे एक झोपला तर दुसरा पाहील. पण ज्याला त्याला ॲडमिन करणारे ग्रुप सगळ्यात धोक्याचे.

लहान मुलांच्या अश्लील चित्रफितीला हा क्रम चालत नाही. स्क्रीनशॉट नाही, पुरावा म्हणूनही फॉरवर्ड नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली असं साहित्य गोळा करणं आणि पाठवणं दोन्ही गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ कागदावर लिहा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा (नाव न देताही होते) आणि फोनमधून ते काढा.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव किंवा फोटो ‘न्याय मिळवून द्या’ म्हणत फिरवणारे भले लोकही अडकतात. न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा.

नोटीस आलीच, तर ती बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलिस तपास कसा करतात ते ठरवणारा कायदा) कलम ३५(३) ची असते. तिचा अर्थ अटक नव्हे, हजर राहा असा. ठरल्या तारखेला वकिलाशी बोलून, स्क्रीनशॉट आणि डिलीट केल्याची वेळ घेऊन जा. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात मॉडेल व आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बरोबर लिहिलाय का, ते सही करण्याआधी वाचा.