घरातलं दप्तर

मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरलं की लोक परीक्षेबद्दल विचारतात, खर्चाबद्दल विचारतात, 'मग तिला मैत्रिणी कशा मिळणार' हे तर हमखास. कपाटाबद्दल कुणी विचारत नाही. आमच्याकडे खरा पेच तोच आहे. शाळेत वर्गाशेजारी एक ऑफिस असतं. तिथे लोखंडी कपाटं असतात, जनरल रजिस्टर असतं, चष्म्यावरून बघणारे क्लार्क असतात. शाळा घरी आणताना वर्ग आपण हौसेनं आणतो आणि मागच्या दारानं ते ऑफिसही आत शिरतं. डोंबिवलीतल्या आमच्या वन-बीएचकेला मागचं दार नाही, तरी शिरलं.

बाकीच्या मुलांचे कागद शाळा सांभाळते. जन्मतारीख, जात, जन्मठिकाण सगळं रजिस्टरात, आणि मागितला की शाळा सोडल्याचा दाखला हातात. जी शाळेत गेलीच नाही ती शाळा सोडणार कशी? म्हणून आमच्याकडे जन्माच्या दाखल्याला देवांच्या खालोखाल मान आहे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून दहावीला बसायचं तर 14 वर्षं पूर्ण लागतात, ती मोजणार या कागदावरून. त्याला लॅमिनेशन करायचं नाही, कारण मग त्यावर कुणाला शिक्का मारता येत नाही. 'आता सगळं डिजिलॉकरमध्ये असतं की,' असं आमचा भाचा म्हणतो. खिडकीपलीकडचा माणूस मात्र अजूनही ओरिजिनल आणि दोन झेरॉक्स मागतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात 6 ते 14 वर्षांच्या मुलांबद्दल बरंच लिहिलंय, घरी शिकणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. कायदा गप्प असेल तिथे आईनं फाईल जाड ठेवावी असं माझं मत. त्यामुळे तारखा घातलेल्या वह्या, चित्रं, वाचनालयाची कार्डं, काहीच रद्दीत जात नाही, आणि दिवाणाचं झाकण बसत नाही.

त्यात आमची पश्चिमेची भिंत. जून लागला की ती ओल धरते, आणि तिला टेकलेल्या पुस्तकांना ऑगस्टपर्यंत बुरशीचा वास येतो. म्हणजे हॉलच्या चार भिंतींतली एक बाद, एक खिडकीची, एक दारांची. उरलेल्या एका भिंतीवर आमचं ज्ञानभांडार उभं आहे. कप्प्यांच्या कोपऱ्यात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्यात, कसर लागू नये म्हणून. भिंतीला लावलेलं फोल्डिंग टेबल दुपारपर्यंत वर्ग, मग पोळ्या लाटायचा ओटा, रात्री नवऱ्याचं ऑफिस.

पाठ्यपुस्तकांची वेगळीच तऱ्हा. 2023 साली बालभारतीनं दुसरीपासूनची पुस्तकं चार भागांत काढली. सगळे विषय एकत्र, मध्ये वहीची कोरी पानं (ती पानं 2025 मध्ये रद्द झाली). पाठीवरचं ओझं हलकं व्हावं म्हणून केलेली सोय, शाळेत चालत जाणाऱ्या पोरांसाठी चांगलीच. आमची मुलगी हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंतच जाते. शिवाय ती एकदा शिवरायांच्या मागे लागली की आठवडाभर गणिताकडे बघत नाही. मग चारही भाग एकदम उघडून टेबलावर, आणि माझ्या कणकेच्या परातीला जागा नाही.

तर मी एक शिस्त लावली होती. वरचे दोन कप्पे घराच्या कागदांचे, खालचे दोन तिच्या अभ्यासाचे. वर लाइट बिलं, सोसायटीच्या पावत्या, विम्याचे बाँड, शेअर सर्टिफिकेट. खाली पुस्तकं, रंग, नकाशे. ही सीमा मोडली ती महावितरणच्या बिलानं. 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 ला दुसरा. तिचा समज असा की 101 वं युनिट जळलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसं नसून फक्त पुढच्या युनिटांना लागतो, हे तिला पटवण्यात एक अख्खी दुपार गेली. मग स्थिर आकार म्हणजे काय, आणि वीज तारेतून येते तर 'वहन आकार' कसला? वर्षभराची बिलं खाली उतरली, त्यांचा स्तंभालेख झाला, आणि ती परत वर गेलीच नाहीत. नवरा बिल शोधायला लागला की ती सांगते, 'बाबा, गणितात बघा.'

दुकानातल्या बिलांचंही तेच. फ्रीजच्या कॉम्प्रेसरची वॉरंटी दहा वर्षांची आणि बिल मात्र वर्षा-दोन वर्षांत कोरं. त्या कागदावर शाई नसतेच. कागदाला लावलेलं रसायन उष्णतेनं काळं पडतं, एवढंच. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवावं तर उलट लवकर पुसतं. किराणाच्या एका पावतीवर गरम इस्त्री टेकवली आणि ती सगळी काळी झाली, तो आमचा विज्ञानाचा तास. तेव्हापासून महत्त्वाच्या बिलाची झेरॉक्स काढायची आठवण मला घरातली सर्वांत लहान व्यक्ती करते.

सासूबाईंची पिशवी दिवाणातली निम्मी जागा खाते. 'सरकारी शिक्क्याचा कागद टाकायचा नसतो,' हे त्यांचं पक्कं. त्यात रॉकेलचं जुनं कार्ड आहे, बंद झालेल्या भिशीचा हिशेब आहे, आणि रेडिओचं लायसन्स आहे. पूर्वी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा आणि पोस्टात वर्षाची फी भरून त्या पुस्तिकेत तिकीट लावून घ्यावं लागायचं. मुलीचा विश्वासच बसेना. 'आजी, गाणी ऐकायचे पैसे? सरकारला?' त्या दिवशी इतिहासाचं पुस्तक उघडायची गरज पडली नाही. पिशवी टाकून द्यायचं माझ्या मनात घोळत होतं, ते तिथेच संपलं.

मग त्याच पिशवीतून सातबारा निघाला, कोकणातल्या जमिनीचा. गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12, क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, हे कळल्यावर ती टेप घेऊन आधी आमचा हॉल मोजून आली, मग उताऱ्यावरच्या सामाईक नावांची रांग मोजली, आणि भागाकार करून आजीला म्हणाली, 'तुझ्या वाट्याला आपल्या हॉलएवढी जमीन येते गं. थोडी जास्त. पण तिथे भिंती नाहीत, म्हणजे पुस्तकं ठेवता येणार नाहीत.'

सासूबाईंनी चष्मा काढला. 'अगं, ती अशी वाटायची नसते. सामाईक आहे ती,' म्हणाल्या आणि उतारा घडी घालून पिशवीत ठेवला. बाकीचे कागद हवे तर घ्या म्हणतात. तो एक मागायचा झाला तर मुलीनं अर्ज लिहून द्यायचा, तारीख आणि कारणासह. अर्जलेखन तिच्या यंदाच्या अभ्यासक्रमात आहेच. अर्ज कुठल्या कप्प्यात ठेवायचे, ते अजून ठरायचंय.