निपाणी का सोडत नाही: मौर्य डाव, टर्न ११८ पर्यंत

मागचं ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळ सिव्हिलायझेशन सिक्स, म्हणजे शहरं वसवत साम्राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम, गॅदरिंग स्टॉर्म या जोडभागासकट. नेता चंद्रगुप्त, नकाशा पँजिया, वेग स्टँडर्ड, काठिण्य किंग. सहा शहरं झालीत आणि नेहमीप्रमाणे खेळाने दिलेली नावं पुसून आपली टाकलीत. राजधानी बेळगाव. नदीकाठी खानापूर आणि गोकाक, डोंगराला टेकून कणकुंबी, किनाऱ्यावर कारवार, आणि पश्चिमेला रोमच्या अगदी अंगावर निपाणी. बेळगाव, कारवार, निपाणी ही नावं ओळीनं आली की आमच्याकडे पुढची घोषणा आपसूक तोंडात येते. ती इथं नको, डावाचं बोलू.

शहापूरचा दोस्त रोज विचारतो, "निपाणी सोडून दे की. तीन डोक्यांचं गाव, ना धड शेती ना खाण, कशाला जपालायस?" बाकीच्यांचेही बरेच प्रश्न याच गावाभोवती फिरतायत, म्हणून आज तिथूनच सुरुवात.

पहिला प्रश्न असा की निपाणीत भालाईत बसवलाय, तटबंदी आहे, तरी लॉयल्टी, म्हणजे शहराची आपल्यावरची निष्ठा, दर टर्नला का घसरते? कारण लॉयल्टी तलवारीकडे बघत नाही, डोकी मोजते. शहरापासून नऊ टाइलच्या (नकाशावरच्या घरांच्या) आत जितकी शहरं असतील, तुमची असोत की शेजाऱ्याची, त्यातला प्रत्येक नागरिक आपल्या बाजूला ओढतो. अंतर एका टाइलने वाढलं की ओढ दहा टक्क्यांनी कमी. म्हणजे दहा वस्तीचं रोमन शहर पाच टाइलवर असेल तर पाचाची ओढ, नऊ टाइलवर असेल तर जेमतेम एकाची. त्यात शेजारी सुवर्णयुगात असेल तर त्याचा प्रत्येक नागरिक दीडपट ओढतो आणि अंधारयुगात असेल तर निम्मा. माझ्याकडे नेमकं हेच झालं. साध्या युगात निपाणी कशीबशी तग धरून होती. रोमला सुवर्णयुग लागलं आणि पुढच्या टर्नला शहरावर माउस नेला तर उणे ७. लॉयल्टी शून्याला टेकली की शहर फुटून स्वतंत्र होतं, आणि मग त्यावर रोमचीच ओढ जास्त असल्याने काही टर्नांत ते रोमच्या पदरात पडतं, एकही बाण न सुटता.

भालाईताचा उपयोग कधी होतो? लिमिटेनाय हे धोरणाचं कार्ड लावलं तर शहरात बसलेली फौज दर टर्नला २ लॉयल्टी देते. कार्ड नसेल तर आपणच वसवलेल्या शहरात तो नुसता भाकऱ्या खातो. खरा उपाय गव्हर्नर, म्हणजे शहरावर नेमायचा कारभारी. कुठलाही गव्हर्नर स्थिरावला की त्या शहराला दर टर्नला ८ मिळतात. पण स्थिरावायला बाकीच्यांना पाच टर्न लागतात, व्हिक्टरला तीनच. म्हणून धावपळीच्या वेळी व्हिक्टर. उणे ७ चं अधिक १ झालं, वर मॉन्युमेंट बांधलं त्याचा आणखी १. एवढ्यावर निपाणी थांबलीय. आता निपाणीहून गोकाककडे एक व्यापारी फिरवतोय, त्याच्या अन्नावर निपाणीची वस्ती वाढेल आणि तेवढीच आपली ओढही वाढेल.

कुणीतरी असंही विचारलं की शेजारी इतका ओढतोय हे शहर वसवण्याआधी कळत नाही का? कळतं की. सेटलर (नवं शहर वसवणारी तुकडी) निवडला की लॉयल्टीचा दाब टाइलवरच दिसतो. मी बघूनच वसवलं. का, ते शेवटी.

आता पाण्याचं. हा प्रश्न नवा खेळाडू हमखास विचारतो आणि जुन्यांनाही याचं पूर्ण उत्तर ठाऊक नसतं: अन्न अधिक ६ दिसतंय, तरी वस्ती का वाढेना? उत्तर हाउसिंगमध्ये, म्हणजे शहरात किती वस्ती मावते त्यात आहे. शहराचं केंद्र नदी, तळं किंवा ओअॅसिसला लागून असेल तर सुरुवातीला ५ हाउसिंग, नुसत्या समुद्राला लागून असेल तर ३, आणि कोरड्या जागी फक्त २. वस्ती हाउसिंगच्या एक खाली आली की वाढ निम्म्यावर येते, बरोबरीला आली की पावावर, आणि पाचने पुढे गेली की ठप्प. अन्न कितीही ओता.

कणकुंबी याचं चांगलं उदाहरण आहे. खऱ्या कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात तिथल्या माणसाला कोरडा टॉवेल मिळत नाही. डावातली कणकुंबी मात्र ठणठणीत कोरडी, हाउसिंग २. तरी ती मुद्दाम तिथं वसवली, कारण शेजारच्या एका टाइलला चार डोंगर लागतात आणि कॅम्पसला (शहराच्या विज्ञान विभागाला) प्रत्येक डोंगरामागे १ विज्ञान मिळतं. शिवाय अॅक्विडक्टला (शहरात पाणी आणणाऱ्या पाटाला) नदीच हवी असं नाही. एका बाजूला शहराचं केंद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी, तळं, ओअॅसिस किंवा डोंगर, एवढं जमलं की झालं. कोरड्या शहराला तो थेट ६ वर नेतो. ज्या शहराला आधीच गोडं पाणी आहे त्याला मात्र फक्त २ ची भर. म्हणून गोकाकला अॅक्विडक्ट बांधायची घाई करू नका, कोरड्या गावाला आधी द्या.

दुसरी सोय भारताची स्वतःची, स्टेपवेल म्हणजे बारव. इरिगेशन शिकलं की बांधता येते. १ अन्न, १ हाउसिंग, शेताला लागून असेल तर आणखी १ अन्न, होली साइटला (धर्माच्या विभागाला) लागून असेल तर १ श्रद्धा. टेकडीवर बांधता येत नाही आणि दोन बारवा शेजारीशेजारी चालत नाहीत. दुष्काळ पडला की त्या शहराचं अन्न जात नाही, आणि गॅदरिंग स्टॉर्ममध्ये दुष्काळ पडतोच. मी खानापूरच्या शेतांमध्ये एक टाइल सोडून एक अशा बारवा पेरल्यात, आणि अन्नाच्या बाबतीत आता तेच सगळ्यात निवांत शहर आहे. टिळकवाडीत राहणाऱ्यांना विहिरीचं महत्त्व मी काय सांगणार. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर तिथं अजून आहे. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन.

गांधीजींचं नाव निघालं की अणुबॉम्बचा प्रश्न येतोच, तर एकदाच सांगतो. पहिल्या सिव्हिलायझेशनमध्ये आक्रमकतेचा आकडा उलटा फिरून गांधी आक्रमक व्हायचे आणि अणुबॉम्ब टाकायचे ही नुसती दंतकथा. खुद्द सिड मायरने २०२० मध्ये ती खोडून काढलीय. पुढच्या आवृत्त्यांत मात्र निर्मात्यांनी गंमत म्हणून तसा स्वभाव खरोखरच घातला. पुढे.

चालीचा प्रश्न: "घोडेस्वाराची एक चाल शिल्लक आहे, समोर टेकडी, चढत का नाही?" टेकडीला दोन चाली लागतात, जंगलालाही दोन, जंगल असलेल्या टेकडीला तीन. शिल्लक चाल तेवढी नसेल तर पाऊल पडत नाही. जुन्या भागात अर्ध्या चालीवरही आत शिरता यायचं, ती सवय मोडायला हवी. अपवाद एकच: टर्नच्या सुरुवातीला सगळी चाल शिल्लक असेल तर कुठल्याही चालण्याजोग्या टाइलवर एक पाऊल टाकता येतं. त्यामुळे आधी टेकडी, मग मैदान, हा क्रम ठेवा.

आणि आता हत्ती. वरू हा भारताचा हत्ती, ताकद ४०, शेजारी उभ्या असलेल्या शत्रूची ताकद ५ ने पाडतो, आणि त्याला घोडे किंवा लोखंड काहीच लागत नाही. खानापूरच्या मामेभावाने तीन वरू आणि एक बॅटरिंग रॅम (तट फोडायचा ओंडका) घेऊन तटबंदीच्या शहरावर चाल केली, आणि तटाला ओरखडासुद्धा गेला नाही. "हत्ती दरवाजे फोडायचे ना? शनिवारवाड्याच्या दाराला खिळे कशाला मारलेत मग?" प्रश्न रास्त आहे, पण खेळात वरू जड घोडदळात मोडतो, आणि रॅमचा फायदा फक्त पायदळ आणि भालाईतांना मिळतो. रॅम नसेल तर हातघाईच्या फौजेचा बराचसा मार तट गिळून टाकतो. तिरंदाजांना तर शहरावर मारताना ताकदीत १७ ची वजाबाकी आहे.

ही १७ म्हणजे किती, ते लढाईच्या हिशेबातून कळतं. दोन्ही बाजूंची ताकद सारखी असेल तर साधारण ३० चं नुकसान, वर थोडी दैवाची भर किंवा घट. प्रत्येक तुकडीचा जीव १००. ताकदीत १० ने वरचढ असाल तर नुकसान ४५ च्या आसपास, १७ ने खाली असाल तर १५, आणि ३० ने वरचढ असाल तर एकाच फटक्यात समोरचा जवळजवळ संपतो. म्हणून टेकडीचे ३, दोन टर्न खंदक धरून बसल्याचे ६ असले किरकोळ वाटणारे आकडे जमा करत राहायचं. जखमी तुकडी लढाईला ढकलू नका, दर १० जीव गेला की ताकद १ ने उतरते.

शहर घ्यायचं तर वेढा आधी. भोवतीच्या सगळ्या टाइलवर तुमचा ताबा किंवा धाक असेल तर शहराची जखम भरत नाही. पण धाक फक्त हातघाईच्या तुकड्यांचा असतो. भोवती नुसते तिरंदाज उभे केले तर शहर आरामात बरं होत राहतं. आपल्या बेळगावचा किल्लाही १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेनं वेढा घालूनच घेतला होता.

आता निपाणी. चंद्रगुप्ताला मिलिटरी ट्रेनिंग शिकल्यावर प्रदेशविस्ताराचं युद्ध पुकारता येतं, आणि ते पुकारलं की दहा टर्न सगळ्या फौजेला २ जादा चाल आणि ५ जादा ताकद. अट अशी की शत्रूची किमान दोन शहरं तुमच्या किमान दोन शहरांपासून दहा टाइलच्या आत हवीत. माझं बेळगाव एका बाजूला पुरतं, दुसरं शहर म्हणजे निपाणी. ती फुटली तर अट मोडते आणि चंद्रगुप्त घेतल्याचा अर्धा फायदा पाण्यात. त्या तीन डोक्यांच्या गावाची किंमत एवढी आहे.

शहापूरकरांचं यावर म्हणणं: "ताकद ५ ठीक, पण चालीचं एवढं काय कौतुक?" कौतुक कॅटापल्टसाठी, म्हणजे तटावर दगड फेकणाऱ्या यंत्रासाठी. कॅटापल्टला हलून त्याच टर्नला मारा करता येत नाही, एका टर्नला पुढे सरकायचं आणि दुसऱ्याला मारायचं, तोवर शहर तिला टिपतं. चाल वाढली की सरकूनही मारता येतं. दहा टर्नांत तट पाडायचा असेल तर हाच फरक पडतो. शिवाय सीमा बंद असताना युद्धाआधी रोमच्या हद्दीत पाय ठेवता येत नाही, तेव्हा फौज उभी करायला हद्दीलगत आपली जमीन लागते, आणि तीही निपाणीचीच.

सध्याची स्थिती: मिलिटरी ट्रेनिंग झालंय, रोमचा जाहीर निषेध या टर्नला केला, म्हणजे पाच टर्नांनी युद्ध पुकारता येईल. खानापुरात दुसरी कॅटापल्ट तयार होतेय, दोन तलवारबाज आणि रॅम निपाणीच्या वाटेवर आहेत, वरू मैदानात रोमच्या तुकड्या अडवायला. व्हिक्टरला तिथून हलवणार नाही. लीजनची (रोमच्या खास पायदळाची) ताकदही ४०, म्हणून टेकडीवरून खाली उतरायचं की त्यांना वर येऊ द्यायचं, यावर तुमचं मत हवंय. माझा कल येऊ देण्याकडे आहे.