आमची वाटचाल : एका चुकीच्या ग्राफपासून

आमची फर्म म्हणजे तीन माणसं, नाशिकला एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या, आणि काम काय तर लोकांचा बाजारभावांचा डेटा साफ करून द्यायचा. हे सुचलं कुठून असं सगळे विचारतात, तर गेम खेळता खेळता सुचलं.

ईव्ह ऑनलाइन. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा अवकाशातला ऑनलाइन गेम, 2003 पासून चालू. जहाजं, दारूगोळा जवळपास सगळं खेळाडूच बनवतात आणि खेळाडूच विकतात, सगळ्यात मोठा बाजार जिता नावाच्या तारामंडळात, म्हणजे आपलं लासलगावच समजा. सर्व्हर रोज आपल्या दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद होतो आणि मग आदल्या दिवसाची प्रत्येक वस्तूची एक ओळ मिळते : सरासरी, कमाल, किमान, किती ऑर्डर, किती नग. आम्ही दोघा मित्रांनी त्यावर ग्राफचं टूल केलं आणि लय भारी वाटत होतं.

मग पोलंडच्या एका खेळाडूचा मेसेज आला. आमचा ग्राफ बघून त्याने एक मॉड्यूल (जहाजाला लावायचा भाग) भरमसाट घेऊन ठेवलं, भाव चढतोय म्हणून. आम्ही त्या मॉड्यूलची ओळ उघडली. दिवसभरात नग गेले फक्त 3. गेमच्या चलनात दोन प्रत्येकी 12 लाखांना आणि एक 4 कोटींना, म्हणजे सरासरी 1 कोटी 41 लाख, आणि त्या भावाला प्रत्यक्षात एकही नग विकला गेला नव्हता! कोणी शून्य जास्त दाबलं की मुद्दाम स्वतःचाच माल स्वतःच्या दुसऱ्या अकाउंटने घेतला, ओळीवरून कळत नाही.

आणि हे मुद्दाम करणारे असतात बरं का. 2012 ला काही खेळाडूंनी क्वचित विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे भाव असेच फुगवले, कारण लढाईत काय फोडलं याचे पॉइंट बाजारभावावरून मिळायचे, मग स्वतःचीच जहाजं त्या मालासकट फोडून पॉइंट कमावले. कंपनीला ती कमाई काढून घ्यावी लागली.

आमचे स्वतःचे घोळ वेगळेच. ज्या दिवशी विक्रीच नाही त्या दिवसाची ओळच येत नाही, आणि आम्ही सरळ शेवटच्या 5 ओळींची सरासरी काढून त्याला पाच दिवसांची म्हणत होतो, काही वस्तूंच्या त्या 5 ओळी तीन आठवड्यांत पसरलेल्या. 2017 ला प्लेक्सचे (खऱ्या पैशाने घेऊन गेममध्ये विकता येणारी वस्तू) तुकडे झाले, जुन्या एकाचे नवे 500. आम्ही जुना इतिहास नव्याला जोडला आणि 500 ने भागायचं विसरलो. ग्राफ कड्यावरून पडल्यासारखा. शिवाय काँट्रॅक्टवर, म्हणजे नेहमीच्या बाजाराबाहेर, होणारे मोठे सौदे या इतिहासात येतच नाहीत.

तेव्हापासून नियम केला, नग कमी असतील तर तो ठिपका राखाडी, आणि सरासरीऐवजी बऱ्याच दिवसांचे भाव चढत्या क्रमाने लावून त्यातला मधला. एवढंच.

गेमच्या नियमांमुळे टूलचे खरे पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे धंदा म्हणून त्यात काही नव्हतं. पण एका ओळखीच्या कांदा व्यापाऱ्याने बाजार समित्यांच्या भावांची एक्सेल पुढे टाकली, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण, आणि मला हसूच आलं. सुट्टीच्या दिवशी ओळ नाही, एका दिवशी आवक चारच क्विंटल आणि कमाल भाव आभाळाला. म्हटलं, काका, हा रोग आम्हाला माहितीये. पहिलं बिल त्यांचंच फाडलं, तेही त्यांनी घासाघीस करून निम्म्यावर आणलं.

गेमचं टूल अजून फुकट चालू आहे. पोलंडवाला अधूनमधून मेसेज करतो, त्याचा तो माल अजून जिताच्या गोदामात पडूनच आहे म्हणे.